जहाज आलं की

अंदमान म्हटलं की इंदूरमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो, किती रात्रींचं पॅकेज होतं? आणि मी सांगते की पॅकेज नव्हतं हो, आम्ही राहत होतो तिथं. भाड्याचं घर, गॅसचं कनेक्शन, मुलाची शाळा, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सगळं तिथंच. नवऱ्याची पोर्ट ब्लेअरला बदली झाली आणि 2017 च्या पावसाळ्यापासून 2019 च्या पावसाळ्यापर्यंत आमचं बिऱ्हाड शादीपूरच्या एका चढावर होतं. (2024 मध्ये त्या गावाचं नाव श्री विजयपुरम झालं, पण आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून इथंही तेच लिहिते.)

बीच, स्कूबा, काचेच्या तळाची बोट हे ज्याला हवं त्याला शंभर ठिकाणी वाचायला मिळेल. मला लिहायचंय ते कांद्याबद्दल, पाण्याबद्दल आणि संध्याकाळी पाच वाजता पडणाऱ्या अंधाराबद्दल, कारण मला बेट कळलं ते या गोष्टींतून. इंदूरमध्ये वस्तू दुकानात असते, एवढं माहीत असलं की पुरतं. ती कुठून निघाली, कशावर बसून आली, वाटेत काय झालं याचा विचार करायची वेळच येत नाही. तिथं तो रोज करावा लागायचा, आणि मला मनापासून वाटतं की त्या रोजच्या विचारानं आमच्या घराला काहीतरी चांगलं दिलं.

पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात टोमॅटो मागितले. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "दीदी, जहाज आने दो." मला वाटलं त्यांच्या कुणा माणसाचं जहाज यायचंय. मग हळूहळू ते वाक्य सगळीकडे ऐकू यायला लागलं. बटाटे? जहाज आने दो. शाळेच्या युनिफॉर्मचा मोठा साइज? जहाज आने दो. मिक्सरचं भांडं, सायकलची ट्यूब, सासूबाईंना हवी ती साबुदाण्याची बारीक जात, सगळ्याला उत्तर एकच. नकाशा काढून बघा, चेन्नई काय आणि कोलकाता काय, दोन्हीकडून समुद्रानं 1200 किलोमीटरच्या आसपास, जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात, म्यानमार त्यापेक्षा कितीतरी जवळ. तांदूळ, डाळ, सिमेंट, औषधं, स्वयंपाकाचा गॅस सगळं पाण्यावरून येतं. वीजसुद्धा बहुतेक डिझेलवर तयार होते आणि ते डिझेलही जहाजानंच येतं, म्हणजे घरातला दिवा लागतो तोही जहाजाच्या जिवावर. हे नवऱ्यानं एकदा जेवताना सहज सांगितलं तेव्हापासून मुलगा खोलीतून बाहेर पडताना न सांगता बटण बंद करायला लागला. इंदूरला मी त्याला वर्षानुवर्षं ओरडत होते.

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की जहाज थांबतं. टीव्हीवर कमी दाबाचा पट्टा दाखवायला लागले की आमच्या गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन बाहेर. डेली टेलिग्राम्स म्हणून तिथला सरकारी पेपर आहे, त्यात जहाजांच्या वेळा येतात, आणि सासूबाई, ज्यांनी इंदूरला पेपरमध्ये राशिभविष्य आणि निधनवार्ता एवढंच वाचलं, त्या सकाळी चष्मा लावून कुठलं जहाज कधी निघणार ते बघायच्या. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायच्या, मग मला सांगायच्या, "कांदे आजच घेऊन ठेव गं."

सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, हाताला ते घर फार लवकर मानवलं, त्याचं कारण आता कळतं. त्या जुन्या वळणाच्या. आमच्याकडे इंदूरला अजूनही एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरतात, शरबती, उन्हात घालून, एरंडेल लावून कोठीत. पापड, कुरडया, लोणची, सगळ्याची बेगमी. मला ते लग्नानंतर कटकटीचं वाटायचं, कारण दुकान समोर आहे, ऑनलाइन मागवलं की तासात येतं. पोर्ट ब्लेअरला त्यांची बेगमीची सवय घराचा कणा झाली. फक्त तिथली हवा वेगळी, तिथं गहू ठेवून चालत नाही, पिठाला जाळी धरते, रव्यात अळ्या होतात, डाळीला वास येतो. मग त्यांनी नवीन शास्त्र बसवलं. रवा आणला की लगेच भाजायचा. पीठ थोडं थोडं आणायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. मिठात तांदळाचे दाणे. प्लास्टिकची बरणी अजिबात नाही, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, आणि झाकणाला आतून कापडाची पट्टी.

सेव मात्र त्यांना हरवून गेली. इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे पोह्यांवर सेव, वरणभातावर सेव, काही नसलं तर नुसती सेव. इंदूरहून येणारा जो कुणी असेल त्याच्याकडून लवंग सेव मागवायची, पाकीट फोडलं की कुरकुरीत, आणि तासाभरात वाटीत उरलेली सगळी सादळलेली, बोटानं दाबली तर वाकते. मग पाकीट फोडलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि संपवायचं असा नियमच झाला. शेजारच्या आंटींनाही हाक मारायची. सेव हा आमच्याकडे सणाचा पदार्थ झाला, आणि खरं सांगते, तेव्हा जशी लागायची तशी ती आता सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून खातानाही लागत नाही.

दमटपणाबद्दल अजून एक. चामड्याचे बूट, पट्टे, पुस्तकांच्या पाठी, सगळ्यावर हिरवट पांढरी बुरशी. माझ्या लग्नातल्या माहेश्वरी साड्या मी बरोबर नेल्या होत्या, त्या आंटींनी बघितल्या आणि त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून कपाटात एक बल्ब लावून घ्यायला लावला. दार लावलं तरी बल्ब चालू, आत ऊब राहते, साड्या कोरड्या. (मुलाच्या बटण बंद करायच्या नियमातून तो एक बल्ब सुटला होता.)

आता अंधाराचं. पूर्ण देशाचं घड्याळ एक, पण सूर्य काही आपलं घड्याळ बघून निघत नाही. इंदूर आहे साधारण 76 रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 वर, एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथं आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी येतो आणि तेवढाच आधी जातो. मे-जूनमध्ये पहाटे पाचला लख्ख उजेड. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य गेलेला असतो. इंदूरमध्ये जूनमध्ये सात वाजून गेले तरी मुलं खाली क्रिकेट खेळत असतात, तिथं पावणेसहा-सहाला बॉल दिसेनासा व्हायचा. आणि आपण इंदूरकर म्हणजे रात्रीची माणसं, सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्यावर आपला दिवस सुरू होतो, रात्री अकराला भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन घरी येणारं आमचं कुटुंब.

पहिले काही महिने अंगावर आलं ते. पाचला दिवे लावायचे, सहाला बाहेर मिट्ट काळोख, आणि माझ्या मनात हिशेब की अजून जेवायला तीन तास आहेत, या तीन तासांचं करायचं काय. मुलगा चिडचिडा, मी चिडचिडी. मग शाळेनं आणि सूर्यानं मिळून आम्हाला सरळ केलं. शाळा सकाळी लवकर, दुपारी मुलगा घरी, तीनला चहा, साडेतीनला सगळे बाहेर. नवरा ऑफिसमधून आला की अंधारच, तो कुठं जाणार, मित्रांची बैठक नाही, मॉल नाही. साडेसातला आम्ही चौघं ताटावर. रोज. इंदूरच्या घरात आमची चार माणसं चार वेळांना जेवायची, आई आठला, मुलगा टीव्हीसमोर, मी उभ्या उभ्या, नवरा दहाला. तिथं दोन वर्षं आम्ही एकत्र जेवलो आणि जेवून झाल्यावर आईंनी सांगितलेल्या गोष्टी ऐकल्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्या स्वतःच्या मुलानंही आधी ऐकलेल्या नव्हत्या.

त्यातली एक पाण्याची. ती पाण्याच्याच निमित्तानं निघाली. पोर्ट ब्लेअरला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इंदूरच्या तिप्पट, मे ते डिसेंबर काही ना काही चालूच असतं. आणि तरी मार्च-एप्रिल आला की नळाला पाणी तीन-तीन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. मला हे कोडं सुटेचना. छपरावरून इतकं पाणी वाहून गेलेलं मी डोळ्यानं बघितलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सीनियर इंजिनियरांनी समजावलं, बेट अरुंद आहे, डोंगर उतरते आहेत, मातीचा थर पातळ आहे, नद्या म्हणाव्यात अशा नाहीत, पडलेलं पाणी काही तासांत समुद्रात. धरायला धनीखारीचं एक धरण, आणि गाव वाढतच चाललंय. म्हणजे चारी बाजूला पाणी, डोक्यावर पाणी, आणि माठात नाही.

तर अशा एका एप्रिलमध्ये रात्री दोनला पाणी आलं. सगळी गल्ली उठली. ड्रम, बादल्या, कढया, कुकर सुद्धा. आम्ही दोघी ओलेत्या झालेल्या, आणि भरून झाल्यावर आई पायरीवर बसून सांगायला लागल्या की लग्न होऊन त्या रामबागेत आल्या तेव्हा इंदूरमध्येही असंच होतं. 1970 मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केलं, आमचे सासरे तेव्हा कॉलेजात, तेही मोर्च्यात गेले होते, आणि 1978 मध्ये नर्मदा 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं डोंगर चढवून इंदूरला आणली तेव्हा घरात नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. मी इंदूरची, माझा जन्म तिथला, मी नर्मदेचं पाणी पिऊनच वाढले आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नळ म्हणजे नर्मदा हे आमच्या पिढीनं गृहीत धरलं. मुलानं दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ही गोष्ट सांगितली, आणि त्याच्या बंगाली मित्राला खरंच वाटेना की नदी डोंगर चढू शकते.

पावसाळ्यात मग आम्हीही इतरांसारखे पत्र्याच्या पागोळीखाली ड्रम लावले. पहिला पाऊस सोडून द्यायचा, छप्पर धुऊन जाऊ द्यायचं, नंतरचं धरायचं. त्या पाण्यात डाळ अशी शिजायची, लोण्यासारखी.

सेल्युलर जेलबद्दल लिहायचं की नाही असं मनात होतं, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. पण आमच्यासाठी ती एकदा बघून येण्याची जागा राहिलीच नाही. तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल, गोविंद वल्लभ पंत हॉस्पिटल, ते जेलच्याच आवारात आहे, जेलच्या मूळ सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत आणि जिथं बाकीच्या होत्या त्या जमिनीवर 1963 मध्ये हे हॉस्पिटल उभं राहिलं. आईंना बीपी, त्यामुळे तपासणीला आम्ही नेहमी तिथं. म्हणजे केसपेपर काढायचा, नंबर यायला वेळ असला की त्या म्हणणार, चल गं, जरा जाऊन येऊ.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आई सावरकरांच्या कोठडीपर्यंत चढून गेल्या, वरच्या मजल्यावर अगदी टोकाला, गुडघे दुखत होते तरी. हात जोडले. पण त्या जास्त वेळ थांबल्या त्या खाली, कोलूपाशी. तिथं कैद्याचा पुतळा कोलूला जुंपलेला दाखवलाय, नारळाचं तेल काढतानाचा. रोजचं ठरलेलं वजन भरलं नाही तर शिक्षा. विनायकराव 1911 मध्ये इथं आले, थोरले बाबाराव त्यांच्याही आधीपासून इथं होते, दोघांनाही 1921 मध्ये इथून हलवलं, हे सगळं आईंना आमच्यापेक्षा जास्त पाठ. तरी त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. घरी आल्यावर देवापाशी निरांजन लावताना म्हणाल्या, "ज्यांची नावं पाटीवर आहेत त्यांचं ठीक आहे, पण इथं आलेल्या सगळ्यांच्या आयांना कळलं तरी असेल का, आपला मुलगा कुठं आहे." त्यानंतर प्रत्येक वेळी हॉस्पिटलला गेलो की त्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवरची नावं थोडी थोडी वाचायच्या. बंगालची, पंजाबची नावं, ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही असं आपण समजतो. बसल्या जागी त्यांनी किती वाचून काढली असतील सांगता येत नाही. केसपेपरवर नंबर पुकारला की उठायच्या आणि पुढचं पुढच्या वेळी.

ज्या माणसांना आपण एका फेरीत तासाभरात वंदन करून येतो त्यांच्या शेजारी रोज जगावं लागणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि मला ती मिळाली याबद्दल मी कृतज्ञ आहे. तिथं लहान मुलाला सर्दीचं औषध घ्यायला आलेल्या आया बाकावर बसलेल्या असतात, मागं ती भिंत असते, आणि आयुष्य चालू असतं. बरं वाटायचं ते बघून.

आंटींचं सांगायला हवं. त्या लोकल, म्हणजे ज्यांच्या घराण्याची सुरुवात काळ्या पाण्याला पाठवलेल्या कैद्यापासून होते त्यांच्यातल्या. पणजोबा कुठले हे त्यांच्या घरात कुणाला नीट माहीत नाही, कुणी अवध म्हणतं, कुणी अजून काही. त्यांच्या सुना तमिळ आणि मल्याळी, जावई रांचीकडचा, घरात सगळे हिंदी बोलतात, आणि देव सगळ्यांचे. बेटावर सगळे असेच एकमेकांत मिसळलेले. पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आणून वसवलेले, तेलुगू, तमिळ, ब्रह्मदेशातून आलेले कारेन, आणि सगळ्यांची बाजारातली भाषा हिंदी. आम्हा इंदूरच्या लोकांना त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं, कारण आपणही घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी असेच वाढलेले. रत्नागिरी-कोल्हापूरकडच्या नेव्हीवाल्या मैत्रिणींना जे जड जायचं ते आम्हाला गेलं नाही.

आंटींनीच मला सुनामीचं सांगितलं. 26 डिसेंबर 2004, रविवार, सकाळचे साडेसहा. त्या चुलीपाशी होत्या. आधी जमीन हलली, इतकी की उभं राहता येईना, आणि मग पाणी. पोर्ट ब्लेअर चढावर असल्यामुळे त्यांचं घर वाचलं, पण सिप्पीघाटला त्यांच्या माहेरची भातशेती होती, ती जमीनच खचली आणि समुद्राचं पाणी आत आलं ते परत गेलंच नाही. आम्ही वंडूरला जाताना तो रस्ता लागायचा, दोन्ही बाजूला पाणी आणि त्यात वाळलेली झाडं उभी, पर्यटक गाडी थांबवून तिथं फोटो काढतात. मला माहीत झाल्यानंतर मी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं की हा तलाव नाही, हे शेत आहे.

छोटे भूकंप होत राहतात तिथं. एका रात्री पलंग सरकल्यासारखा वाटला, भांडी वाजली, आम्ही मुलाला उचलून बाहेर. गल्ली सगळी बाहेर आलेली, कुणी आरडाओरडा नाही, आंटी पायरीवर बसून समुद्राच्या बाजूला कान देऊन. थोडा वेळ गेला, कुणीतरी फोनवर बघितलं की लांबचा आहे, इशारा नाही. मग त्यांनी आईंना विचारलं, उद्या उपास आहे ना तुमचा, केळफूल पाठवते. हे धैर्य मी इतर कुठं बघितलं नाही.

केळफूल, अळू, सुरण, कच्ची पपई, नारळ हे बेटाचं स्वतःचं. याला जहाज लागत नाही. आणि नीलची भाजी. नील म्हणजे आता शहीद द्वीप, तिथं बंगाली शेतकरी भाजी पिकवतात आणि ती फेरीबोटीनं फिनिक्स बे जेटीला येते. आई "नीलचे दुधी आलेत का" असं अशा आपुलकीनं विचारायच्या की जणू नील त्यांच्या नात्यातला कुणी. आम्ही सुट्टीत नीलला गेलो तेव्हा सगळे भरतपूर बीचकडे आणि आई एका वांग्याच्या वाफ्याच्या कडेला, तिथल्या बाईंशी गप्पा मारत, आळी कशी मारतात ते विचारत.

तिथल्याच किनाऱ्यावर मुलानं शंख उचलला, सुंदर, करड्या पट्ट्यांचा, आणि तो हातावर चालायला लागला. आत खेकडा होता, मऊ अंगाचा, दुसऱ्याच्या सोडलेल्या शंखात राहणारा. बोटवाला दादा म्हणाला, ठेव परत, मोठा झाला की याला याहून मोठा शंख शोधावा लागतो, आपण सगळे शंख घरी नेले तर हा राहील कुठं. प्रवाळ उचलायला तर कायद्यानंच बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासतात आणि काढून घेतात. मुलानं तो शंख खाली ठेवला आणि खेकडा वाळूत दिसेनासा होईपर्यंत उकिडवा बसून राहिला. आम्ही इंदूरला परत आलो तेव्हा त्याच्या सामानात एकही शंख नव्हता. त्याऐवजी एक वही होती, शंखांची आणि खेकड्यांची चित्रं काढलेली, प्रत्येकाखाली कुठं दिसला ते लिहिलेलं. ती वही माझ्याकडे आहे, त्याला आता तिची लाज वाटते कारण तो मोठा झालाय, पण मी फेकू देणार नाही.

माशांचं थोडक्यात. आम्ही शाकाहारी, मुलगा आंटींच्या घरी सुरमई खायला लागला. आईंनी आठवडाभर विचार केला आणि मग सांगितलं, तिथं खा, हात धुऊन ये. एवढंच.

एक जीव जळायचा तो फोनचा. तेव्हा बेटावरचं इंटरनेट उपग्रहावरून, फार सावकाश. व्हिडिओ कॉल लागायचाच नाही, चित्र अडकायचं, माझ्या वडिलांचा अर्धा चेहरा स्क्रीनवर गोठलेला. शेवटी आम्ही नाद सोडला आणि नुसतं बोलायला लागलो. बाबा 80 च्या पुढचे, ऐकायला कमी, त्यांना मोठ्यानं आणि सावकाश सांगावं लागायचं, त्यामुळे कसलंही वर्णन नीट करावं लागायचं. पाऊस कसा येतो, आधी समुद्रावर पांढरी भिंत दिसते, मग समोरच्या पत्र्यांवर आवाज सुरू होतो, मग आपल्या. ते "हं, मग?" म्हणत ऐकायचे. 2020 मध्ये बाबा गेले. त्याच वर्षी 10 ऑगस्टला चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली, 2300 किलोमीटर लांब, आणि तिथं इंटरनेट वेगात आलं. बेटासाठी ती फार मोठी गोष्ट आहे, मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यांसाठी, ती आली याचा मला आनंदच आहे. पण बाबांना मी ती दोन वर्षं शब्दांत सांगितली, हे मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोलाचं वाटतं.

गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा. मूर्ती आईंनी केली, इंदूरहून आणलेल्या शाडूची, पाटावर, बोटभर उंचीच्या उंदरासकट. माती वाळेचना, सप्टेंबरची हवा, सारखा पाऊस, शेवटी मूर्ती त्या साड्यांच्या कपाटात, बल्बच्या उबेला ठेवली, आणि वाळली. उकडीच्या मोदकांना इंदूरला कधी मिळाला नाही असा नारळ, झाडावरून त्याच सकाळी उतरवलेला, खवताना दूध सुटणारा. आंटींच्या सुना शिकायला बसल्या, त्यांच्याकडे कोळुकट्टै करतात तसंच की हे, म्हणून त्यांचा हात लगेच बसला, कळ्या माझ्यापेक्षा सुबक. नेव्हीतली दोन मराठी घरं आली, सर्व्हेतले नागपूरचे काका आले, आरतीला गल्ली. विसर्जन बादलीत, आणि ते मातीचं पाणी जास्वंदीला.

आम्ही परत आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. आई 75 च्या पुढं गेल्या. आंटींचे व्हिडिओ कॉल येतात, आता चित्र अजिबात अडकत नाही, त्या फोन घेऊन घरभर फिरतात, ड्रम किती भरलेत ते दाखवतात, टोमॅटोचा भाव सांगतात, कुठलं जहाज अडकलंय ते सांगतात, आणि आई इथं रामबागेत बसून काळजी करतात. या डिसेंबरात आम्ही सगळे जायचं ठरवलंय, तिकिटं काढून झालीत. आईंची यादी सुरू आहे, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, उपासाची साबुदाण्याची पापडी, सगळं स्टीलच्या डब्यांतून. आंटींनी फक्त लवंग सेव सांगितलीय, जरा जास्तच आणा म्हणाल्या, नातवंडं वाढलीत. विमानात माणशी 15 किलो सामान, त्यामुळे मुलगा आपले कपडे एका छोट्या पिशवीत बसवतोय आणि त्याच्या वाटचे किलो आजीला देणार आहे.